तालुका एक, आमदार तीन

खटाव तालुक्यात कुठल्याही पारावर जाऊन बसा आणि सहज विचारा, "बाबा, तुमचा आमदार कुठला?" वडूजकडचा माणूस माण मतदारसंघाचं नाव सांगेल. पुसेगावकडचा म्हणेल कोरेगाव. आणि पुसेसावळीच्या बाजूचा सांगेल कराड उत्तर. तहसील कचेरी एक, पंचायत समिती एक, दुष्काळ पडला तर तोही सगळ्यांना एकच. पण आमदार मात्र तीन. एखाद्या कामासाठी तालुक्यातल्या सगळ्या सरपंचांनी मिळून शिष्टमंडळ न्यायचं म्हटलं तर आधी न्यायचं कुणाच्या दारात, यावरच अर्धा दिवस जातो.

पूर्वी असं नव्हतं. खटाव नावाचा विधानसभा मतदारसंघ होता. जावळी नावाचाही होता. २००९ च्या निवडणुकीपासून दोन्ही नावं यादीतून गेली. सातारा जिल्ह्याचे १० आमदार होते, ते ८ झाले. कराड हा लोकसभेचा स्वतंत्र मतदारसंघ होता, तोही पुसला गेला. माण आणि फलटण हे दोन विधानसभा मतदारसंघ तर लोकसभेसाठी उचलून माढ्याला जोडले गेले. जिल्हा साताऱ्याचा आणि खासदार माढ्याचा, अशी त्यांची गत झाली. हे सगळं कुणी केलं, कोणत्या हिशेबानं केलं, आणि पुन्हा होणार का, हे प्रश्न आपण त्या वेळी फारसे विचारले नाहीत. नवा नकाशा हातात पडल्यावर मात्र पुढची पाच वर्षं कुरकुरत बसलो.

वाचकहो, ते प्रश्न आता विचारायची वेळ आहे. कारण मतदारसंघांच्या सीमा नव्यानं आखण्यावरून संसदेत आणि राज्याराज्यांत जे भांडण पेटलं, ते वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर 'उत्तर विरुद्ध दक्षिण' म्हणून छापून आलं. आपण मधले. आपल्याला वाटलं, त्यांचं ते बघतील. पण ह्या भांडणाची एक फांदी थेट आपल्या शिवारात उतरते आणि तिच्याकडे कुणाचं फारसं लक्ष नाही.

भाऊबंदकीतली वाटणी

आधी दिल्लीतलं भांडण समजून घेऊ. राज्यघटनेच्या ८१ व्या आणि ८२ व्या कलमांचा मूळ हिशेब सरळ आहे. दर दहा वर्षांनी शिरगणती व्हावी आणि लोकसंख्येच्या प्रमाणात प्रत्येक राज्याला लोकसभेच्या जागा मिळाव्यात. १९५१ च्या जनगणनेनंतर जागा झाल्या ४९४, १९६१ नंतर ५२२ आणि १९७१ नंतर ५४३. आपल्या महाराष्ट्राच्या ४५ होत्या, त्या १९७७ च्या निवडणुकीपासून ४८ झाल्या. विधानसभाही २७० वरून २८८ वर गेली.

मग आली १९७६ ची बेचाळिसावी घटनादुरुस्ती. आणीबाणीचा तो काळ. कुटुंबनियोजनाचा धडाका सुरू होता आणि त्याच वेळी एक अडचण पुढे आली. जे राज्य लोकसंख्या आवरेल, त्याच्या जागा कमी होणार. जे आवरणार नाही, त्याच्या वाढणार. म्हणजे दिल्लीचं ऐकणाऱ्याला शिक्षा आणि न ऐकणाऱ्याला बक्षीस. म्हणून ठरलं की २००० सालानंतरची जनगणना होईपर्यंत वाटणी १९७१ च्याच आकड्यांवर गोठवायची. २००१ साली, वाजपेयी सरकारच्या काळात, ही मुदत चौऱ्याऐंशीव्या घटनादुरुस्तीनं पुढे ढकलली गेली. २०२६ नंतर जी पहिली जनगणना होईल तिचे आकडे येईपर्यंत राज्यांच्या वाट्याला हात लावायचा नाही, असं ठरलं.

हे आपल्याला नवं नाही. गावात दोन भावांची वाटणी होते तेव्हा हेच होतं. थोरल्याला दोन मुलं, धाकट्याला सहा. धाकटा म्हणतो, खाणारी तोंडं मोजा आणि जमीन वाटा. थोरला म्हणतो, वाटणी भावाभावांची आहे, नातवंडांची नाही; मी घर नीट चालवलं म्हणून माझा तुकडा लहान का? तलाठ्यापुढे दोघंही तावातावानं बोलतात आणि खरं सांगायचं तर दोघांचंही थोडं थोडं खरं असतं.

देशाचं तसंच झालं आहे. १९७१ साली कुठल्याही मोठ्या राज्यात एका खासदारामागे साधारण १० ते ११ लाख माणसं होती. महाराष्ट्र, तमिळनाडू, राजस्थान सगळे जवळपास सारखे. २०११ च्या जनगणनेचे आकडे घेऊन तोच भागाकार करून बघा. राजस्थानात एका खासदारामागे २७ लाखांवर माणसं, बिहारमध्ये २६ लाख, उत्तर प्रदेशात २५ लाख. तमिळनाडूत साडेअठरा लाख आणि केरळात पावणेसतरा लाख. महाराष्ट्रात २३ लाखांच्या वर. म्हणजे केरळातल्या पाच मतदारांचं लोकसभेत जेवढं वजन, तेवढ्या वजनाला राजस्थानात आठ मतदार लागतात. 'एक माणूस, एक मत, सगळ्यांची किंमत सारखी' हे तत्त्व मानायचं तर ही तफावत कायमची ठेवता येत नाही. उत्तरेच्या बाजूचा हा मुद्दा खोटा म्हणता येणार नाही.

दुसरी बाजू ऐका. सभागृह ५४३ चंच ठेवून २०११ च्या लोकसंख्येवर त्रैराशिक मांडलं, तर केरळच्या २० जागांच्या १५ होतात, तमिळनाडूच्या ३९ च्या ३२ होतात आणि उत्तर प्रदेशच्या ८० च्या जवळपास ९० होतात. हा अंदाजी हिशेब आहे, पण दिशा कळायला पुरेसा आहे. केरळ, तमिळनाडूनं मुली शिकवल्या, आरोग्य केंद्रं चालवली, घरं लहान ठेवली. त्याचं फळ म्हणून संसदेतला आवाज बारीक करून घ्यायचा का, हा त्यांचा सवाल आहे. तोही टाळता येणारा नाही.

सभागृह मोठं केलं तर?

२०२५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये हा वाद उफाळला. केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी कोइमतूरला सांगितलं की प्रमाणाचा हिशेब धरता दक्षिणेतल्या एकाही राज्याची एकही जागा कमी होणार नाही. तमिळनाडूचं समाधान झालं नाही. ५ मार्चला तिथे सर्वपक्षीय बैठक झाली आणि १९७१ चीच वाटणी आणखी ३० वर्षं चालू ठेवा, अशी मागणी झाली. २० मार्चला द्रमुकचे खासदार घोषणा छापलेले टी-शर्ट घालून संसदेत आले, लोकसभाध्यक्षांनी हरकत घेतली आणि कामकाज तहकूब करावं लागलं. २२ मार्चला मुख्यमंत्री स्टॅलिन यांनी चेन्नईत बैठक बोलावली. केरळ, तेलंगण आणि पंजाबचे मुख्यमंत्री आणि कर्नाटकचे उपमुख्यमंत्री तिथे हजर होते. गोठवलेली वाटणी २५ वर्षांनी वाढवा, असा त्या बैठकीचा सूर होता.

यावर तोडगा म्हणून सांगितलं जातं की कुणाच्या जागा कमी न करता सभागृहच मोठं करा. नव्या संसद भवनात लोकसभेच्या दालनात ८८८ आसनांची सोय आहे, ती काय उगीच केली? पण इथेच नीट कान द्या, कारण 'मोठं करा' ह्या एका शब्दात दोन वेगळे व्यवहार लपलेले आहेत.

पहिला व्यवहार असा की प्रत्येक राज्याच्या जागा सारख्या प्रमाणात वाढवायच्या. समजा दीडपट. मग उत्तर प्रदेशचे ८० चे १२० होतील आणि केरळचे २० चे ३०. हिस्सा तोच राहिला. दोघांतलं अंतर मात्र ६० जागांचं होतं, ते ९० चं झालं. शिवाय राजस्थानच्या मतदाराचं वजन कमीच राहिलं, म्हणजे ज्या तक्रारीसाठी हा खटाटोप ती तशीच.

दुसरा व्यवहार असा की केरळची एकही जागा न घटवता बाकीच्यांना लोकसंख्येप्रमाणे द्यायचं. २०११ च्या आकड्यांवर हे करायचं तर सभागृह साधारण ७२५ चं लागेल. त्यात केरळ २० वरच राहील, उत्तर प्रदेश १२० च्या आसपास जाईल, महाराष्ट्र ६७ च्या घरात. केरळची जागा गेली नाही हे खरं, पण ५४३ मधले २० आणि ७२५ मधले २० सारखे कसे? सोसायटीत तुमचे शेअर तेवढेच राहिले आणि शेजाऱ्यानं दुप्पट घेतले, तर तुमच्या पासबुकातला आकडा बदलत नाही, पण सभेतलं वजन उतरतंच.

तेव्हा कुणी नेता गावात येऊन "एकही जागा कमी होणार नाही" असं म्हणाला, तर त्याला पुढचा प्रश्न विचारा : जागा कमी होणार नाही की हिस्सा कमी होणार नाही? ह्या दोन्ही गोष्टी एक नाहीत.

आणि हे सोपंही नाही. लोकसभेच्या सदस्यसंख्येला घटनेनं ५५० ची मर्यादा घातली. ती ओलांडायची तर घटनादुरुस्ती लागते. दोन्ही सभागृहांत हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांचा आणि एकूण सदस्यांपैकी निम्म्याहून अधिकांचा पाठिंबा हवा. राज्यांच्या संसदेतल्या प्रतिनिधित्वाला हात घालायचा असेल तर निम्म्या राज्यांच्या विधानसभांची मान्यताही हवी. म्हणूनच हा प्रश्न एका पक्षाच्या किंवा एका बाजूच्या मनावर सुटणारा नाही.

त्यात महिला आरक्षणाची गाठ बसली. सप्टेंबर २०२३ मध्ये एकशे सहावी घटनादुरुस्ती झाली. लोकसभेत बाजूनं ४५४ आणि विरुद्ध अवघी २ मतं पडली, राज्यसभेत तर विरोधात एकही नाही. पण लोकसभा आणि विधानसभांतल्या एक तृतीयांश जागा महिलांना देण्याची अंमलबजावणी त्या कायद्यात नव्या जनगणनेनंतरच्या पुनर्रचनेशी जोडली गेली. विरोधकांनी तेव्हाच विचारलं होतं की थांबायचं कशाला? आपल्याकडे ग्रामपंचायतीत आणि जिल्हा परिषदेत बायका कित्येक वर्षं कारभार करताहेत. त्यांच्यातली एखादी विधानसभेची तयारी करत असेल, तर तिची वाटही ह्या सीमांच्या नकाशातून जाते, हे ध्यानात घ्या.

महाराष्ट्र मधोमध

आता आपलं बघू. २०११ च्या हिशेबानं महाराष्ट्राच्या ४८ जागांच्या ५० होतात. म्हणजे आपण ना उत्तरेसारखे कमावणारे, ना दक्षिणेसारखे गमावणारे. म्हणून आपले पुढारी ह्या प्रश्नावर फारसे बोलत नसावेत. पण ह्या दोन वाढीव जागा येतात कुठून? आपल्या खेड्यातल्या घरांतून नक्कीच नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा जननदर १.७ निघाला, केरळ-तमिळनाडूच्या १.८ पेक्षाही खाली. मुलं कमी होण्याच्या बाबतीत आपण दक्षिणेच्याच रांगेत आहोत. आपला आकडा वाढता दिसतो तो बराचसा शहरांकडे येणाऱ्या लोंढ्यामुळे. २००१ ते २०११ ह्या दहा वर्षांत राज्याची ग्रामीण लोकसंख्या १० टक्क्यांनी वाढली, शहरी २३ टक्क्यांहून जास्त. १९७१ साली शंभरातली ३१ माणसं शहरात राहत होती, २०११ साली ४५.

इथंच ते दिल्लीचं भांडण आपल्या शिवारात उतरतं. केरळ विरुद्ध उत्तर प्रदेश हा जो वाद आहे, तोच महाराष्ट्राच्या आत सातारा विरुद्ध ठाणे असा आहे. फरक एवढाच की राज्याराज्यांतली वाटणी गोठवली होती, म्हणून केरळ आतापर्यंत वाचला. राज्याच्या आतल्या सीमा मात्र गोठवलेल्या राहिल्या नाहीत. २००३ च्या सत्याऐंशीव्या घटनादुरुस्तीनं त्या २००१ च्या लोकसंख्येवर नव्यानं आखायला मोकळीक दिली. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या आयोगानं ते काम केलं आणि फेब्रुवारी २००८ मध्ये राष्ट्रपतींच्या अधिसूचनेनं नवा नकाशा लागू झाला.

त्या नकाशानं काय केलं? ठाणे जिल्ह्याचे, म्हणजे पालघर धरून, १३ आमदार होते. ते एकदम २४ झाले. पुण्याचे १८ चे २१ झाले. आणि २८८ ची बेरीज तर तीच ठेवायची होती. मग भरपाई कुणी केली? कोल्हापूरचे १२ चे १० झाले. साताऱ्याचे १० चे ८. रत्नागिरीचे ७ चे ५. विदर्भाचे ६६ चे ६२, आणि त्यांची लोकसभेची एक जागाही गेली. सांगरूळ, पन्हाळा, गडहिंग्लज, वडगाव ही कोल्हापूरकडची मतदारसंघांची नावंच संपली. लोकसभेत कराड गेलं, इचलकरंजी गेलं, पंढरपूर गेलं, कोपरगाव गेलं, एरंडोल गेलं.

मोठ्या नेत्यांनी आपापली सोय लावली. पंढरपूर राखीव मतदारसंघ गेला तेव्हा रामदास आठवले शिर्डीत उभे राहिले. शरद पवार २००९ ला नव्या माढ्यातून लढले. नेत्याला मतदारसंघ बदलता येतो. शेतकऱ्याला शेत बदलता येत नाही.

पुढचा आकडा काय सांगतो?

आता पुढं काय होईल, याचाही थोडा हिशेब करू. २००१ च्या आकड्यांवर राज्यात एका आमदारामागे ३ लाख ३६ हजार माणसं येत होती. त्यानं जिल्ह्याच्या लोकसंख्येला भागलं की २००८ च्या जागा जवळपास तंतोतंत मिळतात. साताऱ्याचे २८ लाख ९ हजार भागिले ३ लाख ३६ हजार म्हणजे सव्वाआठ, मिळाले ८. त्यामुळे रीत बरोबर आहे म्हणायला हरकत नाही.

तीच रीत २०११ ला लावा. आता एका आमदारामागे ३ लाख ९० हजार. जुन्या ठाणे जिल्ह्याला २८ जागा पडतात, आज आहेत २४. पुण्याला २४ पडतात, आहेत २१. साताऱ्याला पडतात पावणेआठच्या आतबाहेर, म्हणजे ८ जागा टिकल्या तर काठावर टिकल्या. कोल्हापूर १० वर कसंबसं उभं. रत्नागिरीला ५ च्या ठिकाणी ४, सिंधुदुर्गला ३ च्या ठिकाणी २. ह्या दोन जिल्ह्यांत तर त्या दहा वर्षांत माणसं वाढली नाहीत, चक्क कमी झाली.

पण एक गोष्ट इथे प्रामाणिकपणे सांगायला हवी. हे सगळं 'शहरानं खेड्याचं लुटलं' इतकं सोपं नाही. खुद्द मुंबईच्या ३६ जागा ह्या हिशेबानं ३२ वर येतात. मुंबईच्या बाहेरचा पट्टा आणि पुण्याचा परिसर फुगतो आहे. आणि तिथे राहायला गेलेली माणसं परकी थोडीच आहेत? जावळीच्या, पाटणच्या खोऱ्यातून गोदीत, गिरणीत आणि पुढे माथाडी म्हणून मुंबई-नवी मुंबईच्या बाजारात गेलेली आपलीच माणसं ती. कोयनेच्या पाण्याखाली गावं गेली म्हणून ठाणे-रायगडला वसवलेली घरंही त्यांत आहेत. मुलगा तिकडे गेला, त्याचं मत तिकडे मोजलं जातं, यात अन्याय काय, असं कुणी विचारलं तर उत्तर देणं कठीण आहे. ठाण्याच्या चाळीत पाण्याची बादली घेऊन उभ्या असलेल्या माणसालाही आमदार हवाच.

अडचण वेगळी आहे. माणसं गेली तरी जमीन इथेच राहते. डोंगर, वाड्या, धरणं, कालवे, रस्ते इथेच राहतात. शहरातला आमदार चार-पाच चौरस मैलांत आपल्या सगळ्या मतदारांना भेटतो. वाई मतदारसंघात वाई, खंडाळा आणि महाबळेश्वर असे तीन तालुके. घाटाच्या वरचा पाऊस वेगळा, घाटाखालची तहान वेगळी. सातारा मतदारसंघात शहराबरोबर अख्खी जावळी. फलटण मतदारसंघात कोरेगाव तालुक्याचा तुकडा. लोकसंख्या समान म्हणजे काम समान, असं डोंगरात होत नाही. उरमोडी किंवा जिहे-कठापूरचं पाणी माण-खटावला आणायचं तर पाणी मतदारसंघाच्या सीमा बघून चालत नाही, पण पाण्यासाठी भांडणारे आमदार-खासदार मात्र त्या सीमांतच वाटलेले असतात.

तुमच्या हातात काय आहे?

काही जण म्हणतील, हे सगळं वर ठरतं, आपण काय करणार? पुष्कळ करता येतं. फक्त वेळेवर केलं पाहिजे.

पहिली गोष्ट शिरगणतीची. १६ जून २०२५ च्या अधिसूचनेनं जनगणनेचा संदर्भ दिवस १ मार्च २०२७ ठरला. फेब्रुवारी-मार्च म्हणजे आपल्याकडे ऊस गळिताचा मोसम. बीड, अहिल्यानगरकडच्या टोळ्या आपल्या फडात असतात आणि आपली माणसं बाहेरगावी. मागच्या गणतीची रीत अशी होती की मोजणीचा सगळा काळ माणूस घराबाहेर असेल, तर तो जिथे सापडेल तिथे मोजायचा. म्हणजे कोपीत राहणारं कुटुंब घरच्या गावात नाही मोजलं गेलं आणि फडावरही कुणी गेलं नाही, तर ते देशाच्या हिशेबातूनच गेलं. त्यांचा आमदारही गेला आणि रेशनही. खोटी नावं घुसवायची गरज नाही. पण एकही खरं माणूस सुटता कामा नये, हे बघणं ग्रामपंचायतीचं काम आहे.

दुसरी गोष्ट मसुद्याची. पुनर्रचना आयोगावर सर्वोच्च न्यायालयाचे आजी किंवा माजी न्यायमूर्ती, केंद्रीय निवडणूक आयोगाचा प्रतिनिधी आणि राज्याचे निवडणूक आयुक्त असतात, ही २००२ च्या कायद्याची रचना. त्यांच्या मदतीला प्रत्येक राज्यातले पाच खासदार आणि पाच आमदार सहयोगी सदस्य असतात. त्यांना बोलता येतं, मत देता येत नाही. आयोग आधी मसुदा प्रसिद्ध करतो, हरकती मागवतो, जाहीर सुनावणी घेतो आणि मग अंतिम आदेश काढतो. तो आदेश संसदेपुढे ठेवतात, पण संसदेलाही त्यात बदल करता येत नाही. घटनेच्या ३२९ व्या कलमामुळे कोर्टाचं दारही जवळजवळ बंदच. गुजरातेतल्या बारडोली मतदारसंघाच्या प्रकरणात २०२४ साली सर्वोच्च न्यायालयानं एवढं म्हटलं की आदेश उघडउघड मनमानी असेल तर न्यायालय अगदीच हातावर हात ठेवून बसणार नाही. पण त्या आशेवर राहू नका. बैल गेला आणि झोपा केला, असं होईल. बोलायची खरी वेळ मसुदा आणि अंतिम आदेश यांच्या मधली, ती चार-दोन आठवड्यांची.

तिसरी गोष्ट, हरकत कशी घ्यायची. "आमच्या साहेबांचा मतदारसंघ मोडू नका" अशी हरकत केराच्या टोपलीत जाते. कायद्यात निकष दिले आहेत. सलग भूभाग असावा, नद्या-डोंगरांसारख्या नैसर्गिक रचनेचा विचार व्हावा, प्रशासकीय हद्दी शक्यतो जपाव्यात, दळणवळण आणि लोकांची सोय बघावी. त्या भाषेत बोला. आपल्या गावातून मतदारसंघाच्या मुख्य गावाला थेट एस.टी. आहे का? पावसाळ्यात मधला घाट बंद पडतो का? बाजार, दवाखाना, कोर्ट, तहसील कुठल्या दिशेला? गेल्या वेळी महसूल मंडळं आणि तलाठी सजे धरून तुकडे पाडले होते. तेव्हा आपलं मंडळ कुठल्या तुकड्यात गेलं आणि त्यानं काय त्रास झाला, हे कागदावर उतरवून ठेवा. ग्रामसभेचा ठराव करा. एका गावाचा ठराव म्हणजे अर्ज. पण तालुक्यातल्या ऐंशी-नव्वद गावांनी एकच ठराव केला, तर आयोगाला त्याची दखल घ्यावी लागते. त्यासाठी मात्र गटतट आठ दिवस बाजूला ठेवावे लागतील. जिल्हा परिषदेचे गट-गण मोडतात तेव्हा आपण रात्रीतून कसे जागे होतो, ते आठवा. तेवढी जाग इथेही लागेल.

चौथी गोष्ट, विचारायची. आपल्या खासदाराला विचारा की लोकसभेत ह्या प्रश्नावर तुम्ही मत कशाच्या बाजूनं देणार? नुसत्या लोकसंख्येच्या, की लोकसंख्येबरोबर क्षेत्रफळ, डोंगराळपणा, दुष्काळी भाग यांनाही काही वजन द्यायच्या? विधानसभेला घटनेनं ५०० जागांपर्यंत मुभा दिली आहे. मग आमदार वाढवून डोंगरी, दुष्काळी भागांची आजची संख्या तरी राखावी, असा ठराव महाराष्ट्राच्या विधिमंडळात का येऊ नये? हिस्सा घटेल हे मान्य, पण तीन तालुक्यांमागे एक आमदार अशी वेळ तरी येणार नाही.

माझं मत विचाराल, तर माणसांची मोजणी कायमची गोठवून ठेवणं बरोबर नाही. पन्नास वर्षांपूर्वीच्या शिरगणतीवर आजचा कारभार चालवणं म्हणजे आजोबांच्या मापाचा सदरा नातवाला घालण्यासारखं आहे. पण नवा सदरा शिवताना फक्त छाती मोजून चालत नाही, हातही मोजावे लागतात. ज्यांनी घर लहान ठेवलं त्यांना आणि ज्यांची पोरं पोटासाठी शहरात गेली त्यांना, दोघांनाही ह्या वाटणीत काहीतरी राखून ठेवलं पाहिजे. केरळ हे मोठ्यानं सांगतो आहे. आपण दुष्काळी आणि डोंगरी तालुक्यांनी ते अजून नीट सांगितलेलंच नाही.

खटावच्या त्या पारावर पुन्हा या. एक म्हातारे गृहस्थ तिथे म्हणाले होते, "तीन आमदार म्हणजे तिप्पट कामं व्हायला पाहिजेत की हो!" सगळे हसले. मग तेच पुढे म्हणाले, "तिघांनाही आमची मतं थोडी थोडी लागतात. पुरती कुणालाच लागत नाहीत." शेवटचं वाक्य नीट वाचा. पुढच्या नकाशात आपला तालुका कुणाला तरी पुरता लागला पाहिजे. तेवढ्यासाठी तरी ह्या वेळी मसुदा लागेल त्या दिवशी तहसील कचेरीत जाऊन तो उघडून बघा. आपल्या गावाचं नाव कुठल्या ओळीत आहे, ते दुसऱ्या कुणी सांगायची वाट बघू नका.